सायंकाळी सात ते सात-वीस

“वीस मिनिटं शांतता ना? ती माझ्यावर सोडा,” असं मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, तेव्हा माझ्या बायकोने माझ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला तिथेच कळायला हवा होता. पण लग्नाला तेवीस वर्षं झाली तरी मला तिच्या पाहण्याचा अर्थ साधारण दोन महिन्यांनी कळतो, त्याला माझा इलाज नाही.

आधी दुखण्याबद्दल सांगतो. दुखणं माझं नाही, बायकोचं आहे. भाग्यश्रीला मायग्रेन आहे. ती शाळेत चौथीच्या वर्गाला शिकवते. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं आहेत आणि अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस बोलकी आहेत. महिन्यातून नऊ-दहा वेळा तिच्या डोक्याची डावी बाजू ठणकायला लागते. मग तिला उजेड सोसत नाही, फोडणीचा वास सोसत नाही, कोणी प्लॅस्टिकची पिशवी चुरगळली तरी सोसत नाही. आमच्या वारज्याच्या फ्लॅटमध्ये सगळ्यांत अंधारी जागा म्हणजे बाथरूम. तिथे ती पाटावर बसते, कपाळाला ओढणी करकचून बांधते आणि भिंतीला टेकून डोळे मिटून घेते. मी बाहेर उभा राहून दर पाच मिनिटांनी “आता बरं वाटतंय का?” असं प्रेमाने विचारतो. (हे मी डॉक्टरीणबाईंना अभिमानाने सांगितलं. त्यांनी ते लगेच कागदावर लिहून घेतलं. का, ते त्यांनी सांगितलं नाही.)

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्या चालू ठेवा, पण जोडीला एक ॲप देते. रोज ठरलेल्या वेळी वीस मिनिटं आडवं पडायचं. ॲपमधली बाई सांगेल तसा एकेक स्नायू घट्ट आवळायचा आणि मग सैल सोडायचा. मूठ, दंड, खांदे, कपाळ, जबडा, पोट, पाय, सगळं क्रमाने. डोकं कधी दुखलं, किती दुखलं, तेही त्यातच नोंदवायचं. एकही दिवस चुकवायचा नाही. दोन महिन्यांनी भेटू.

“पण घरात शांतता हवी हं,” त्या म्हणाल्या, आणि तिथेच मी ते वाक्य बोललो.

माझ्या बोलण्याला आधार होता. मी एका कॉलेजच्या परीक्षा विभागात हेडक्लार्क आहे. सहाशे मुलांना तीन-तीन तास गप्प बसवण्याचा मला सव्वीस वर्षांचा अनुभव आहे. तिथे वीस मिनिटांची काय कथा!

येताना रिक्षात भाग्यश्री म्हणाली, “दोन महिने बघते. यानेही कमी झालं नाही तर शाळा सोडते.”

भाग्यश्री उगीच काही बोलत नाही. ‘सोडते’ हा शब्द तिने यापूर्वी एकदाच वापरला होता, चहातल्या साखरेबद्दल, चौदा वर्षांपूर्वी. त्यानंतर साखरेचा एक दाणा तिच्या कपात गेलेला नाही. या वर्षीच्या तिच्या सगळ्या रजा दिवाळीच्या आधीच संपल्या होत्या, आणि मुख्याध्यापिकांनी “तब्येत सांभाळा हं” असं दोनदा म्हटलं होतं. शाळेत हे वाक्य दोनदा म्हटलं की त्याचा अर्थ वेगळा असतो. एकोणीस वर्षं शिकवून, दाढीमिशा आलेली पोरं भर रस्त्यात स्कूटर थांबवून जिच्या पाया पडतात, ती बाई दुपारी घरात नुसती बसलीय, हे चित्र मला बघवेना. मी त्याच रिक्षात ठरवलं, काहीही होवो, रोज संध्याकाळी सात ते सात-वीस या घरात टाचणी पडली तरी ती मला विचारून पडेल.

आमची मुलगी श्रद्धा कॉलेजात आहे. तिने ॲप आईच्या फोनवर घातलं. “आई, सो सिंपल आहे. लिटरली टाइट करायचं आणि लूज सोडायचं. आणि बाबा, तुम्ही प्लीज हेल्प नका करू.”

मी तिच्या बोलण्याकडे दुर्लक्ष केलं.

पहिल्या दिवशी भाग्यश्रीला निवांतपणा मिळावा म्हणून मी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि डाळ-भाताचा कुकर लावला. आत ॲपमधली बाई अत्यंत सावकाश म्हणाली, “तुमच्या भोवती आता फक्त शांतता आहे,” आणि कुकरने पहिली शिट्टी दिली. मी गॅस बंद करायला धावलो, तर हाताला लागून झाऱ्या, डाव आणि पळी असे तिघे एकापाठोपाठ खाली आले. दुसऱ्या दिवशी मी कुकर लावलाच नाही. दारात पहारा देत बसलो. सात-पाचला बेल वाजली. कुरिअर होतं, तेही शेजारच्या विंगचं. तिसऱ्या दिवशी कुरिअर नव्हतं म्हणून मी बेडरूमच्या दाराशी उभा राहून हळूच विचारलं, “जमतंय का?”

“अहो,” आतून आवाज आला, “तुम्ही गप्प राहिलात तर जमेल.”

भाग्यश्री माहेरची सदाशिव पेठेतली. मी बार्शीकडचा. आमच्याकडे भांडायला अर्धा तास लागतो, तिच्याकडे एक वाक्य पुरतं.

खरा त्रास बेलचा होता. आमच्या बेलला संध्याकाळी सातच्या सुमाराला बहर येतो. चौथ्या मजल्यावरच्या द्वारकाकाकू (पोस्टातून निवृत्त, वय बहात्तर, एकट्या राहतात) सकाळी आमचं वर्तमानपत्र नेतात आणि शब्दकोडं पेनाने सोडवून संध्याकाळी सातला परत आणून देतात. त्यांच्या मागोमाग येतात आमच्या सोसायटीचे चेअरमन रावसाहेब. आमची इमारत ज्या जमिनीवर उभी आहे तिथे एके काळी त्यांचा ऊस होता. त्यामुळे रोज संध्याकाळी प्रत्येक मजल्यावर जाऊन “पानी आलं का?” असं विचारल्याशिवाय त्यांना जेवण जात नाही. बेलवर ठेवलेलं बोट नंतर उचलायचं असतं, हे त्यांना मान्य नाही.

मी दार उघडून “शू!” म्हणायचो.

“काय झालं?” द्वारकाकाकू विचारायच्या.

“काही नाही.”

“काही नाही, तर शू कशाला?”

याचं उत्तर मला देता येत नव्हतं, कारण दुखण्याबद्दल इमारतीत कोणालाही सांगायचं नाही अशी भाग्यश्रीने मला शपथ घातली होती. गेल्या वर्षी नात्यातल्या एकाला कळलं होतं, तर आठवड्याभरात तिच्या कपाळाला सुंठेचा लेप लागला, नाकात तूप गेलं आणि आमच्या पलंगाची दिशा तीन वेळा बदलली. त्या पलंगामुळे माझी कंबर धरली ती वेगळीच.

तेव्हा मी माझ्या धंद्यातलं हत्यार काढलं. सूचना लावली. सव्वीस वर्षांत मी इतक्या सूचना लावल्या आहेत, की समोर भिंत दिसली की माझा हात खिशातल्या टाचण्यांकडे जातो. दारावर लिहिलं : ‘सायं. ७ ते ७.२० बेल वाजवू नये.’

लोकांनी बेल वाजवली नाही. दार वाजवलं. दुसऱ्या दिवशी मी खाली ‘दारही वाजवू नये’ अशी ओळ घातली. त्या दिवशी फोन वाजला. द्वारकाकाकू दाराबाहेरूनच बोलत होत्या, “पेपर पायपुसण्यावर ठेवू का? भिजेल. बघा बाई तुमचं.” मी फोन ठेवतो न ठेवतो तोच जिन्यातून रावसाहेबांची हाक आली. सगळ्या मजल्यांना ऐकू गेली.

“उत्तरेश्वर! ओ उत्तरेश्वर! घरात हाय का?”

मी बाहेर येऊन हात जोडले. ते म्हणाले, “आता बेल नाय वाजवायची, दार नाय वाजवायचं. मंग हाक तरी मारायची का नाय मान्सानं?”

तिसरी सूचना मी ऑफिसात टाइप करून लॅमिनेट करून आणली. ‘या घरात रोज सायंकाळी ७.०० ते ७.२० या वेळेत शिथिलीकरणाचा व्यायाम चालतो. या वेळेत बेल, दार, फोन यांपैकी काहीही वाजवू नये. जिन्यातून हाका मारू नयेत. हुकमावरून.’

भाग्यश्रीने ती शाळेतून आल्यावर वाचली. “कोणाच्या हुकमावरून?”

“तसं लिहायची पद्धत असते,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सात वाजायला दहा मिनिटं असताना दाराशी कसलीतरी चाहूल लागली. बेल वाजली नव्हती. उघडून बघतो तर द्वारकाकाकू, काखेत गुंडाळलेली चटई. मागे दुसऱ्या मजल्यावरचे दोघं नवराबायको, त्यांच्याही काखेत चटया.

“वर्ग इथेच ना?”

“कसला वर्ग?”

“बोर्ड तुम्हीच लावलाय ना? आम्ही वेळेच्या आधी आलोय. बेलही वाजवली नाही.”

“अहो काकू, तो वर्ग नाही. आमचं घरगुती आहे.”

“घरगुती गोष्टीची वेळ कोणी दारावर लावतं का? आम्ही लावलीय आमच्या आंघोळीची?” काकू आत आल्यासुद्धा. “फी किती?”

“फी नाही.”

“मग आधी नाही का सांगायचं?” असं म्हणून त्यांनी टीव्हीसमोरची मोक्याची जागा बघून चटई पसरली.

आता एखाद्या शहाण्या माणसाने त्यांना काहीतरी थाप मारून वाटेला लावलं असतं. मी मात्र दारात उभा राहून विचार करायला लागलो. (मी विचार करायला लागलो की श्रद्धा शेजारच्या खोलीत जाते.) बेल कोण वाजवतं? हेच. फोन कोण करतं? हेच. जिन्यात हाका कोण मारतं? तेवढे एक यायचे राहिलेत. ही सगळी माणसं जर सात ते सात-वीस माझ्याच हॉलमध्ये डोळे मिटून आडवी पडली, तर बेल वाजवायला इमारतीत शिल्लक कोण राहणार? परीक्षेत जास्त बडबडणारी पोरं आपण पहिल्या बाकावर आणून बसवतो. अगदी तेच तत्त्व. मला माझंच कौतुक वाटलं. त्या रात्री जेवायच्या आत मी गेल्या आठवड्यातल्या बेल वाजवणाऱ्यांची यादी केली. अकरा नावं निघाली. अकराही जणांना जातीने भेटून वर्गाचं आमंत्रण दिलं.

भाग्यश्री पोळ्या लाटत होती. तिने लाटणं थांबवलं. “अहो, मला शांतता मिळावी म्हणून तुम्ही घरात अकरा माणसं बोलावलीत?”

“बेल वाजवणारी अकरा माणसं! आता बेल कोण वाजवणार?”

तिने माझ्याकडे पुन्हा एकदा तसंच पाहिलं आणि पोळी उलटली.

वर्ग मी पद्धतशीर चालवायचा ठरवला. हॉलमध्ये खडूने चौकोन आखले, चौकोनांना नंबर दिले, हजेरीचा कागद फिरवला. माझ्या फोनवरही ॲप घालून घेतलं आणि ते टीव्हीच्या स्पीकरला जोडलं. आत बेडरूममध्ये दार लावून भाग्यश्री तिच्या फोनवर तेच ॲप ऐकत होती. अडचण अशी झाली की दोन्ही फोन एकाच वेळी सुरू झाले नाहीत. त्यामुळे तिच्या कानात “सैल सोडा” चालू असताना दाराबाहेरून तीच बाई “घट्ट आवळा, आणखी घट्ट!” असं बजावत होती. वीस मिनिटांनी बाहेर आली तेव्हा तिचा अर्धा चेहरा घट्ट आणि अर्धा सैल होता.

दुसऱ्या दिवशी मी स्पीकर बंद केला आणि स्वतःच सांगायला लागलो. माझा आवाज मूळचा परीक्षेचा.

“सर्वांनी उजवी मूठ आवळावी. आवळलेली मूठ शेजाऱ्याला दाखवू नये. पाच सेकंदांनी सोडावी.”

“सोडली,” द्वारकाकाकू म्हणाल्या. “आता?”

“आता शांत पडायचं.”

“किती वेळ?”

“शंका शेवटी विचाराव्यात.”

रावसाहेब दुसऱ्या मुठीपर्यंत पोचायच्या आत घोरायला लागले. त्यांचं घोरणं एका जागी राहत नाही, चढत जातं. द्वारकाकाकू डोळे न उघडता म्हणाल्या, “यांना नुसतं आवळायला सांगा हो. सैल ते घरूनच होऊन आलेत.” त्यावर दोघं हसले, एकाला हसताना ठसका लागला, मी घड्याळाकडे बघितलं आणि सवयीने ओरडलो, “शेवटची पाच मिनिटं!” रावसाहेब ताडकन उठून बसले. “काय झालं? पानी आलं?”

आणि वर्ग संपला म्हणजे संपला असं थोडंच असतं? घरात आलेली अकरा माणसं चहा न घेता कशी जाणार? भाग्यश्री बेडरूममधून उठून यायची, अकरा कप चहा टाकायची, आणि मग लिफ्ट, पार्किंग, टाकी या विषयांवर साडेआठपर्यंत चर्चा व्हायची. सगळ्यांचे स्नायू सैल झालेले असल्यामुळे जिभाही सैल सुटायच्या.

चौथ्या दिवशी तिचं डोकं उठलं. नुसतं उठलं नाही, तिला दोनदा उलटी झाली. मी ऑफिसातून आलो तर बाथरूमचं दार लोटलेलं, आत अंधार, आणि पलंगावर अठ्ठेचाळीस घटक चाचण्यांच्या वह्या तशाच. वरच्या वहीत तिने तीन उत्तरांवर खुणा केल्या होत्या. तिसरी खूण कागदावरून घसरत पार समासाबाहेर गेली होती. ती वही हातात घेऊन मी बाथरूमबाहेर उभा राहिलो. त्या दिवशी मी “बरं वाटतंय का?” विचारलं नाही. मला माझी लाज वाटत होती. बायकोला वीस मिनिटं द्यायला निघालो होतो आणि तिच्या गळ्यात अकरा कप चहा बांधून बसलो होतो.

“भाग्यश्री,” मी हळूच म्हणालो, “उद्यापासून वर्ग बंद. सगळ्यांना सांगतो. सूचनाच लावतो.”

आतून ती म्हणाली, “सगळे येतात का हो? अकराच्या अकरा?”

“हजेरी आहे माझ्याकडे.”

“द्वारकाकाकूसुद्धा?”

“त्या तर पहिल्या येतात.”

“चालू ठेवा वर्ग. चहा मात्र तुम्ही करा.”

“अगं पण तुला त्रास...”

“ठेवा म्हटलं ना.”

किती मोठं मन, असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सातला दोन मिनिटं कमी असताना भाग्यश्री पिशवी घेऊन चपला घालायला लागली. “भाजी आणते,” म्हणाली आणि गेली. साडेसातला परत आली. पिशवी रिकामी होती.

“मिळाली नाही?”

“चांगली नव्हती.”

त्याच्या दुसऱ्या दिवशीही भाजी चांगली नव्हती. तिसऱ्याही दिवशी नव्हती. सबंध वारज्यात नऊ दिवस चांगली भाजी आली नाही. शेवटी रविवारी मी स्वतः मंडईत गेलो, आठवड्याची भाजी घेऊन आलो, फ्रिज गच्च भरला आणि म्हणालो, “आता तुला सातला बाहेर जायला नको. तू तुझं ॲप कर.” सातला दोन मिनिटं कमी असताना ती म्हणाली, “कोथिंबीर राहिली,” आणि गेली.

माझी खात्री झाली. तिने ॲपचा नाद सोडला होता. ज्या घरात आपल्याला वीस मिनिटं मिळत नाहीत, त्या घरात बसण्यापेक्षा ती बिचारी रस्त्यावर गाड्यांच्या धुरात चकरा मारत होती, आणि ते माझ्यामुळे. दुसरा कोणी असता तर त्याने हाय खाल्ली असती. मी ठरवलं, हटायचं नाही. आज ना उद्या ती दारातून बघेल, अकरा माणसं किती शांत पडलीत ते तिला दिसेल, तिलाही वाटेल की आपण करावं. तोवर वर्ग एक दिवसही बंद पडता कामा नये. तिच्या वतीने मीच नेम चालवणार होतो.

आणि मी चालवला! दत्तजयंतीला चालवला. वीज गेली त्या दिवशी मेणबत्तीवर चालवला. मला सर्दी झाली तेव्हा “बूठ आवळा, बूठ सोडा” असं म्हणत चालवला. वर्ग संपला की अकरा कप चहा करायचा, कप विसळायचे, फरशीवरचा खडू पुसायचा. द्वारकाकाकूंना कमी साखर, रावसाहेबांना जास्त दूध, दुसऱ्या मजल्यावरच्या नवऱ्याला आलं हवं आणि बायकोला नको. श्रद्धा म्हणायची, “बाबा, तुमचा व्हॉइस रिलॅक्सिंग नाहीये हो. टोटल पोलीस लाउडस्पीकर.” तरी लोकांना गुण येत होता. रावसाहेबांचा आखडलेला खांदा सुटला. ते सगळीकडे सांगत सुटले, “उत्तरेश्वरच्या हाताला गुन हाय.” मी त्यांना हात लावलाच नव्हता. गुण येत नव्हता तो फक्त मला. साडेसातच्या सुमाराला माझ्या कपाळाच्या दोन्ही बाजू ठसठसायला लागायच्या.

भाग्यश्रीचं डोकं किती वेळा दुखलं, हे विचारायचं मी सोडून दिलं होतं. उत्तराची भीती वाटत होती.

दोन महिने झाले. डॉक्टरीणबाईंकडे जाताना रिक्षात मी मनातल्या मनात कबुलीजबाब तयार केला. खुर्चीत बसल्याबरोबर सुरुवात केली. “डॉक्टर, तिला काही बोलू नका. चूक सगळी माझी आहे. सुरुवातीचे काही दिवस सोडले तर तिने ॲप एकदाही केलेलं नाही.”

डॉक्टरीणबाईंनी भाग्यश्रीचा फोन हातात घेतला, चष्मा नाकावर ओढला. “सलग एकोणपन्नास दिवस दिसतायत इथे.”

“ते माझे असतील.”

“हा फोन तुमचा आहे?”

“नाही.”

“मग तुमचे कसे असतील?” त्यांनी स्क्रीन वर सरकवली. “रोज सात ते सात-वीस. एक दिवस चुकलेला नाही. डोकं आधी महिन्याला नऊ वेळा दुखत होतं. गेल्या महिनाभरात दोनदा.” त्या भाग्यश्रीकडे बघून मनापासून हसल्या. “छान. कसं जमवलंत?”

“द्वारकाकाकूंच्या घरी करते,” भाग्यश्री म्हणाली. “वर्गाला येताना त्या किल्ली माझ्या हातात देतात.”

मी खुर्चीतल्या खुर्चीत वळलो. “काकूंना माहीत आहे?”

“काकूंनीच सुचवलं. मला म्हणाल्या, ‘आमचं घर त्या वेळात रिकामंच असतं, आम्ही सगळे तुमच्या नवऱ्याकडे असतो. तुम्हाला डोक्याचा त्रास आहे हे कळायला मला बोर्ड लागत नाही.’” मग ती डॉक्टरीणबाईंना समजावून सांगायला लागली. “चौथा मजला. खाली-वर, शेजारी, सगळी घरं बंद. बेल वाजवणारी सगळी माणसं यांच्यापुढे डोळे मिटून पडलेली. सबंध इमारतीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. सुरुवातीला मी नुसती झोपूनच जायचे.”

“मग मला का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर तुम्ही ‘जमतंय का’ विचारायला वर आला असतात.”

मी आलोच असतो.

“आणि शाळा?” मी विचारलं.

“शाळेचं काय? सोमवारी चाचणी आहे. पेपर काढायचेत मला,” ती म्हणाली. माझ्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. डॉक्टरीणबाईंसमोर नको म्हणून मी भिंतीवरचा मेंदूचा तक्ता बारकाईने वाचायला लागलो.

पाणी ओसरल्यावर मात्र माझ्या लक्षात आलं, की म्हणजे शांतता माझ्यामुळेच मिळाली की! अकरा माणसं आडवी कोणी पाडली? मी. मी छाती पुढे काढून डॉक्टरीणबाईंना तसं बोलून दाखवलं. विजय झालेला आहे, तेव्हा उद्यापासून वर्ग बंद करून मी जरा विश्रांती घेतो, असंही म्हणालो.

डॉक्टरीणबाईंचं पेन थांबलं. “वर्ग बंद? छे, छे. मग या करणार कुठे?” त्यांनी रोजची गोळी अर्धी केली आणि खाली आणखी एक ओळ लिहिली. अक्षर डॉक्टरी, मला लागलं नाही. कागद त्यांनी भाग्यश्रीच्या हातात दिला. तिने वाचला, घडी घातली आणि पिशवीत ठेवला.

घराजवळच्या औषधाच्या दुकानात तिने तो कागद काउंटरवर ठेवला. दुकानदारांनी पहिली गोळी काढून दिली. मग चष्मा वर करून कागद उजेडात धरला.

“हे दुसरं काय आहे... उत्तरेश्वर. वन्स डेली, सेव्हन पीएम, ट्वेंटी मिनिट्स. सहा महिने.” ते आत गेले, दोन खण उघडून बघितले आणि परत आले. “आयुर्वेदिक दिसतंय. आमच्याकडे येत नाही. त्याऐवजी दुसऱ्या कंपनीचं देऊ?”

मी घसा खाकरला. पण माझ्या आधी भाग्यश्री बोलली. हसू दाबल्यामुळे तिचे खांदे हलत होते. कित्येक महिन्यांत मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं.

“नको हो,” ती म्हणाली. “तेवीस वर्षं घरी हेच चालू आहे. गुण बेताचाच आहे, पण साइड इफेक्टची आता सवय झालीय.”